चिठ्ठीच्या कानावरची खाच

"चार तरी आहेत," डॉक्टर बागवान म्हणाले.

"चार काय?"

"पिल्लं."

मी हसले. चांगली खळखळून हसले. जनावरांचा डॉक्टर झाला म्हणून काय झालं, पोरगा तिशीचाही नसेल, चुकायचाच, असं मनात म्हटलं. "अहो डॉक्टर, ती फुगलीय ती पेढ्यांनी. आमचे हे तिला माझ्या नकळत पेढे घालतात. दिवाळीत तर विचारूच नका. तुम्ही तिला पथ्य लिहून द्या, म्हणजे त्यांना दाखवता येईल. आणि पिल्लं कशी असतील? तिचं ऑपरेशन झालेलं आहे."

"कुणी केलं?"

"ते मला काय माहीत? माझ्याकडे आली तेव्हा झालेलंच होतं. कान बघा की तिचा!"

डॉक्टरांनी चिठ्ठीचा कान दोन बोटांत धरला. चिठ्ठी म्हणजे आमची मांजरी. करड्या पट्ट्यांची, छाती पांढरी, शेपटीचं टोक मोडल्यासारखं वाकडं. तिनं डोळे मिटून घेतले, जशी काही कान तपासून घ्यायलाच आली होती.

"काकू, भटक्या मांजराचं ऑपरेशन झालं की आम्ही डाव्या कानाचं टोक सरळ कापतो. लांबून कळावं म्हणून. हा उजवा कान आहे. टोक जागच्या जागी आहे. ही कडेला खाच आहे, हे बघा, कात्रीनं केल्यासारखी." त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला. "मुद्दाम केलेली आहे. पण आमच्यातल्या कुणी नाही."

"मग कुणी?"

"ते मला नाही सांगता येणार. पिल्लांचं सांगतो. आठवडा, फार तर दहा दिवस. ऑपरेशन आता नको. पिल्लं दूध सोडू देत, मग आणा."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. कारण 'डाव्या कानाचे टोक कापलेले असावे' हे वाक्य आमच्या चैत्राली सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वर्षभर टाचलेलं होतं. माझ्याच अक्षरात, खाली माझी सही. सौ. मंदाकिनी काळोखे, सेक्रेटरी.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का हादरले ते कळायचं नाही.

मी टपाल खात्यात बत्तीस वर्षं काढली. त्यातली वीस वर्गवारीवर. शिक्का बघायचा, पत्ता बघायचा, खणात टाकायचं. आत काय लिहिलंय ते बघणं आपलं काम नाही. ही सवय हाडीमासी खिळली. निवृत्त झाले आणि सोसायटीच्या लोकांनी मला सेक्रेटरी केलं, तेव्हा मी सोसायटीसुद्धा तशीच चालवायला घेतली. चोवीस बिऱ्हाडं, चोवीस खण.

तळमजल्यावर आजगावकर काकू राहायच्या. एकट्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. त्यांची मनी नावाची मांजरी वर्षाला दोनदोनदा विणायची. पिल्लं जिन्यात, पिल्लं मोटारींखाली, कुणाच्या पायपुसण्यावर घाण. लोकांच्या तक्रारी आल्या आणि मी नियम केला : ऑपरेशन झालेलं मांजर चालेल, न झालेलं चालणार नाही. ठराव झाला, सगळ्यांनी हात वर केले. काकूंनीसुद्धा केला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कागद नेऊन दिला. आठ दिवसांची मुदत.

"मंदा, मनीची पिल्लं अजून अंगावर पितायत गं," काकू म्हणाल्या. "महिनाभर थांब. दूध सोडू देत, मग मीच नेऊन ऑपरेशन करून आणते."

"काकू, एकाला मुदत वाढवून दिली की चोवीस जणांना द्यावी लागते."

असं म्हणाले मी. त्यांना. माझी शुभदा पाचवीपासून दहावीपर्यंत ज्यांच्या घरी दुपारची जेवली, माझ्या घराची दुसरी किल्ली अठरा वर्षं ज्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात होती, त्यांना.

आठव्या दिवशी काकूंचा पुतण्या टेम्पो घेऊन आला आणि मनीला तिच्या तीन पिल्लांसकट वडकीला आपल्या कोंबड्यांच्या शेडवर घेऊन गेला. दिवाळी चार दिवसांवर होती. पंधरा दिवसांत कळलं, मनी तिथून पळाली. पिल्लांचं काय झालं ते पुतण्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काकूंनी मला किल्ली परत आणून दिली. भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसतं बोलणं थांबवलं. जिन्यात भेटल्या की बाजूला सरकून मला वाट द्यायच्या. त्या सरकण्यानं माझा जीव कसा व्हायचा ते माझं मला माहीत. पण नियम तो नियम, असं मी घरात मोठ्यानं म्हणायची. हे ऐकून घ्यायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे.

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी दार उघडलं, तर पायपुसण्यावर ही बसलेली. शेजारी स्टीलची रिकामी वाटी. कुणी शेजाऱ्यानं दूध ठेवलं असणार. मी हाकलायला वाकले आणि माझी नजर कानावर गेली. कापलेला! माझी कळीच खुलली. म्हटलं, बघा, नियमात बसणारं मांजर कसं असतं ते. वर स्वतःची वाटीही सोबत घेऊन आलं. पत्ता नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, म्हणून नाव ठेवलं चिठ्ठी. त्याच दिवशी सोसायटीच्या वहीत नोंद केली : 'एक मांजरी, ऑपरेशन झालेली.' वाटी तिच्या दुधाला ठेवली.

श्रावणात ती अचानक विव्हळायला लागली. जमिनीवर लोळायची, गळा काढायची, दाराशी जाऊन नखं मारायची. माझी खात्री, पोटात कळ येतेय. मी तिला ओव्याचं पाणी पाजलं. तिनं ते माझ्या साडीवर उडवलं. तिला कडेवर घेऊन खाली मोकळ्या हवेत आले, तर काकू दारात उभ्या. आठ महिन्यांत त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"तिचं पोट नाही दुखत मंदा."

"मग काय होतंय?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे. काहीतरी अगदी ओठांवर आलेलं होतं.

"तिचं ऑपरेशन झालंय," मी उगाचच म्हणाले.

"बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

डॉक्टरांच्या टेबलापाशी मला ते 'बरं' आठवलं आणि कानशिलं तापली. साठीची बाई मी, एका पोरीची आई, आणि मांजर माजावर आलंय हे मला कळू नये!

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तर हे पोट धरून हसले. "ओव्याचं पाणी!" म्हणाले, आणि पुन्हा हसले. मग माझा चेहरा बघून खुर्ची जवळ ओढली.

"हे बघ, कुणाला कशाला सांगतेस? दुसऱ्या मजल्यावर कोण येतंय बघायला? मागच्या खोलीत विऊ दे. दोन महिन्यांनी पिल्लं देऊन टाकू, हिचं ऑपरेशन करू. वहीत 'ऑपरेशन झालेली' लिहिलंच आहेस. तेव्हा ते खरं होईल."

"आणि काकू? त्यांना आठ दिवस आणि मला दोन महिने?"

"काकूंना सांगायचं नाही म्हणजे झालं."

"त्यांना केव्हाच माहीत आहे," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला ते कळलं.

तो दिवस मी नुसत्या येरझारा घातल्या. चिठ्ठीला ठेवायचं तर खोटं बोलून ठेवायचं. खरं बोलायचं तर माझ्याच कागदाप्रमाणे आठ दिवसांत तिला बाहेर काढायचं, आणि तेही अशा भरल्या पोटी. ती आपली माझ्या मांडीवर येऊन आडवी झाली. तिच्या पोटात काहीतरी हललं ते मला हाताला लागलं. मग मात्र मला रडूच आलं. मनीच्या पोटाला मी कधी हात लावला नव्हता, म्हणून तो कागद देता आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या मोकळ्या रानात मेंढरांचा आवाज आला. धनगर दरवर्षी दिवाळी झाली की कळप घेऊन सासवडकडून येतात, दोन दिवस तिथे बसतात आणि खाली कोकणाकडे निघतात. जूनमध्ये त्याच वाटेनं परत. मी गॅलरीत वाळत घालायला गेले आणि हातातला टॉवेल तसाच राहिला. कुंपणाला तोंड लावून एक कोकरू पाला ओढत होतं. त्याच्या उजव्या कानाच्या कडेला खाच होती. त्याच्या शेजारच्यालाही. सगळ्यांनाच.

मी चपला अडकवल्या, चिठ्ठीला टोपलीत घातलं आणि निघाले.

तीन दगडांच्या चुलीपुढे एक बाई भाकरी थापत होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, वय माझ्याएवढंच. मी टोपलीचं झाकण उचललं, तर तिनं हातातली भाकरी परातीत टाकली.

"आगं बया! ही हितं हाय व्हय?"

"तुमची आहे?"

"आमचीच की! कान बगा. आमच्या समद्या जित्राबांना हीच खून हाय. दुसऱ्याच्या कळपात गेलं तर वळखाया यावं." तिनं चिठ्ठीला उचललं, नाकाला नाक लावलं. "जेठात परतीला हितं बसलो तवा गायब झाली. लई हुडकली. म्या म्हनलं, कुत्र्यानी न्हेली."

"मांजराच्या कानालाही खूण करतात?"

बाई लाजून हसली. "करत न्हाईत वो. कोकरांची करत व्हतो, ही मदी मदी लुडबुडाया लागली. म्या म्हनलं, तू बी आमच्यातलीच, घे. म्हातारा लई हसला मला."

तिचं नाव ठकूबाई. मी विचारलं, तुमच्याकडे कुठून आली?

"हितंच, वडकीत. गेल्या सालच्या दिवाळीला येका कोंबड्याच्या शेडापाशी कळप बसला व्हता. तिथं तीन पिल्लं, वळचणीला. आई न्हवती. दोन गेली आमच्यादेखत, काय करनार, लईच ल्हान. ही तेवडी तग धरून व्हती. म्या शेळीच्या दुधात फडकं बुडवून चोखवलं. मग कोंबड्यांच्या डालग्यात घालून घोड्यावर बसवली, ती थेट कोकनात."

मी तिथेच मातीत बसले.

ठकूबाईला काही कळेना. तिला वाटलं, मांजर परत मागेल म्हणून मी रडतेय. तिनं चिठ्ठीचं पोट चाचपलं आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं. "न्हेत न्हाई हो. अशी भरल्या पोटाची कुनी वाटंला लावतं का? ऱ्हाऊ द्या तिला तुमच्यात. जेठात परत येतो, तवा येक पिल्लू द्या म्हंजे झालं. आमच्या पोत्यांना उंदरं लई."

अशी कुणी वाटेला लावतं का, असं तिनं विचारलं. मनीला मी लावली होती, अंगावर पिणाऱ्या पिल्लांसकट.

टोपली घेऊन मी घरी गेले नाही. तळमजल्यावर थांबले आणि बेल दाबली.

काकू दिवाळीच्या पणत्या पुसून वर्तमानपत्रात गुंडाळत बसल्या होत्या. मला बघून बाजूला सरकल्या, पण ह्या वेळी मी जिन्यात नव्हते, दारात होते. आत गेले.

"काकू, हिला पिल्लं होणारेत."

"कोजागिरीपासून दिसतंय."

"तिचं ऑपरेशन झालेलंच नव्हतं. कानाची खूण धनगरांची आहे." "काकू, ही मनीची आहे. तीनमधली ही एकच वाचली."

काकूंचा पणती पुसणारा हात थांबला. मग त्यांनी ती पणती कागदात गुंडाळली आणि डब्यात ठेवली.

"दोन गेली होय," म्हणाल्या. "ते नव्हतं माहीत. ही ठमी आहे हे मात्र जूनमध्येच कळलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! ह्या पलंगाखाली जन्मली ती. जन्मतःच शेपटीचं टोक मोडकं. जूनमध्ये पहाटे दूध घ्यायला दार उघडलं, तर मोटारींच्या मधून चालत आली आणि माझ्या पायांवर डोकं घासलं. मी म्हटलं, ठमे, आलीस बाई!"

टोपलीतून चिठ्ठीनं मान वर काढली. एवढ्या महिन्यांत माझ्या हाकेला तिनं कधी अशी मान वळवली नव्हती.

"मग तुम्ही ठेवून का नाही घेतलीत?"

"कशी ठेवणार? ऑपरेशन न झालेलं मांजर, खाच उजव्या कानाला. माझ्या दारात ती तुला बरोबर दिसली असती. दुसऱ्या दिवशी तू कागद घेऊन आली असतीस. आठ दिवसांचा." काकूंनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. "विचार केला, ह्या सोसायटीत असं कुठलं घर आहे, जिथून तिला कुणी बाहेर काढणार नाही? तर सेक्रेटरीचं. कान बघितला आणि म्हटलं, बरंच झालं. मंदाला शिक्का दिसला की ती आत काय आहे ते बघत नाही. मग वाटीत दूध घेतलं, तिला काखेत मारलं आणि तुझ्या दाराशी ठेवून आले. गुडघे दुखतात माझे, दोन मजले चढताना चारदा बसले. ती दूध पीत होती तोवर खाली उतरले."

"ती वाटी तुमची?"

"मग कुणाची? उलटी करून बघायची होतीस."

पाच महिने ही बाई तळमजल्यावरून माझ्या गॅलरीत बसलेल्या आपल्या मांजराकडे बघत होती. ते विव्हळत होतं तेव्हा ओठांवर आलेलं गिळत होती. खरं बोलली असती, तर मी काय केलं असतं? तेच.

"चुकलं माझं, काकू," मी म्हणाले. "त्या दिवशी चुकलं. नियम नाही चुकला, मी चुकले."

"हो, चुकलंच," काकू म्हणाल्या. मग डोळ्यांना पदर लावला आणि माझ्यावर खेकसल्या, "तिला टोपलीत काय कोंबलंयस? सोड आधी. आणि चहा टाक, साखर कुठे असते ते माहीत आहे तुला."

रविवारी मी सभा बोलावली. उभी राहिले आणि वहीतली माझी नोंद वाचून दाखवली, मग ती खोटी कशी ते सांगितलं. "नियमाप्रमाणे मला आठ दिवस मिळतात," म्हणाले, "त्यातले पाच झाले." तिसऱ्या मजल्यावरचे पेंडसे गालात हसत होते, ते मला दिसत होतं, आणि त्यांनी हसावं हे बरोबरच होतं. मग मागच्या खुर्चीवरून काकू उठल्या. खुर्चीचा हात धरून, हळूहळू.

"माझी सूचना आहे," म्हणाल्या. "पिल्लं दूध सोडेपर्यंत मुदत द्यावी. हिलाही, पुढे येईल त्यालाही."

हे शब्द त्यांनी वर्षापूर्वी माझ्या एकटीसमोर म्हटले होते. आता चोवीस जणांनी ऐकले आणि हात वर झाले, पेंडशांचासुद्धा. मी नियमाच्या खाली ते वाक्य लिहिलं तेव्हा माझं अक्षर वाकडंतिकडं आलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

चिठ्ठी आमच्या मागच्या खोलीत व्यायची, म्हणून ह्यांनी जुन्या चादरी घालून काय थाटाचं खोकं केलं होतं. बाईसाहेबांनी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मंगळवारी दुपारी जिना उतरून गेल्या आणि थेट काकूंच्या पलंगाखाली. चार पिल्लं. डॉक्टर बागवानांचा अंदाज बरोबर निघाला. काकू आणि मी जमिनीवर पालथ्या पडून विजेरीच्या उजेडात बघत होतो, मग उठता येईना, तेव्हा ह्यांना हाक मारावी लागली.

दोन महिन्यांनी आम्ही दोघी तिला रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेलो. ऑपरेशन करायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "डाव्या कानाचं टोक कापू ना? म्हणजे पुन्हा गोंधळ नको."

मी काकूंकडे बघितलं.

"काही नको कापायला," काकू म्हणाल्या. "ती कुणाची आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

जेठात ठकूबाई आली, एक पिल्लू घेऊन गेली. दोन शेजारच्या सोसायटीत गेली, एक काकूंकडे राहिलं. चिठ्ठी सकाळी माझ्याकडे आणि दुपारी खाली काकूंच्या पलंगावर, अशी दोन घरं सांभाळून राहिली. काकूंच्या घरी ठमी, माझ्या घरी चिठ्ठी. माझ्या घराची दुसरी किल्ली पुन्हा त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात गेली.

ती वाटी मी त्याच दिवशी उलटी करून बघितली होती. तळाला टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं : 'सौ. अनसूया आजगावकर'. घासून लख्ख केली आणि परत द्यायला खाली गेले.

"राहू दे तुझ्याकडे," काकू म्हणाल्या. "दुधाला लागेल तिला."

काकू जाऊन आता चार वर्षं झाली. चिठ्ठी म्हातारी झालीय, तिला जिना चढवत नाही, हे तिला कडेवर घेऊन वरखाली करतात. दूध ती अजून त्याच वाटीत पिते. आणि मला एक सवय लागली आहे. कुणाच्याही घरचं भांडं हातात आलं, की मी आधी ते उलटं करून नाव वाचते.